मानेजवळचा पिकअप, तीनशे पावलांवरून

एस्तेरचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. बारावीची प्रात्यक्षिकं आटोपली होती आणि मी गॅल्व्हानोमीटर पुसून कपाटात लावत होतो. "सर, पप्पा गेले," ती म्हणाली. सकाळी मार्थावहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, पेज पाजली, दोन घोट घेतले, डोळे मिटले, ते मिटलेच... अशा वेळी काय बोलावं हे मला आजवर जमलेलं नाही. तोंडाला येईल ते बोलतो आणि मग आठ दिवस स्वतःला शिव्या घालतो. त्या दिवशीही मी विचारलं, "शेवटी काही ऐकलं का गं त्यांनी? कोणी गिटार लावली होती का जवळ?" ती हळूच म्हणाली, "तुम्ही घरी या सर, मग सांगते." मी फोन खिशात ठेवला आणि उरलेले गॅल्व्हानोमीटर तसेच टेबलावर सोडून निघालो.

एस्तेरचे पप्पा, याकूबभाऊ गावित, यांना नवापूरच्या बाजारात ओळखत नाही असा माणूस कमी. कोणासाठी ते मोटर रिवाइंडिंगवाले होते. विहिरीवरची मोटर जळली, पोल्ट्रीच्या शेडमधला पंखा बसला की त्यांच्या दुकानात आणायचा. कोणासाठी ते लग्नाच्या बँडमधले लीडवाले होते. आमच्याकडे लग्नाचा बँड म्हणजे पितळी वाजंत्री नव्हे, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. टेम्पोवर मोठे स्पीकर, कीबोर्ड, ड्रम, आणि पुढे इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिलेला माणूस, तोच लीडवाला. त्याच्यासमोर अख्खा पाडा हातात हात घालून नाचतो. आणि रविवारी हेच याकूबभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये, त्याच गिटारवर, गीतांची साथ करायचे. गिटार एकच होती. सुरतेहून जुनी आणलेली, पिवळट रंगाची, कोपरे टवके उडून लाकडावर आलेले.

माझी त्यांची गाठ पडली ती मोटरमुळेच. मी तापीकाठचा, शहाद्याकडचा. घरी शेती, मी नोकरीला नवापुरात. आमच्या विहिरीवरची मोटर दोनदा बांधून आणली आणि दोनदा जळली, तेव्हा वडील वैतागले आणि टेम्पोत घालून ती थेट माझ्या दारात घेऊन आले. कोणीतरी त्यांना याकूबभाऊंचं नाव सांगितलं होतं. दुकानात गेलो. मी भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यामुळे गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी व्होल्टेज, लोड, इन्सुलेशन असं बरंच काही सांगू लागलो. याकूबभाऊंनी मान डोलवली, मोटर चालू केली, एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक मोटरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटून असे उभे राहिले की मला हसू आलं. मग पेचकस काढून म्हणाले, "वाइंडिंग बराबर आहे. खालचं बेअरिंग खातंय. ते बदला, नाहीतर तिसऱ्यांदा पण जळणार." खोललं, तर खालचं बेअरिंगच गेलेलं. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "तुन्हं फिजिक्स ठेव बाजूले. हाऊ मोटरना डॉक्टर शे." ती मोटर आजही चालू आहे आणि हे वाक्य वडील आजही, पाहुण्यांसमोर, ऐकवतात.

गिटार दुकानाच्या भिंतीवर टांगलेली होती. मीही होस्टेलच्या दिवसांत थोडीफार वाजवायचो, म्हणजे चार पट्ट्या धरून मैत्रिणींवर छाप पाडण्याइतपत. ती छापही फारशी पडली नाही, ते असो. मी विचारलं, वाजवू का. ते म्हणाले, वाजवा. मी वाजवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, रविवारी चर्च सुटल्यावर या." त्या रविवारपासून नऊ वर्षं मी जात राहिलो. मी हिंदू, देवळातही क्वचित जाणारा, पण रविवारी अकराला चर्चच्या फाटकाशी उभा असायचो. आमची मंडळी थट्टा करायची की सरांचा बाप्तिस्मा बाकी आहे फक्त.

शिकवण्याची त्यांची रीत वेगळीच होती. सूर, पट्टी, ताल यांची नावं ते घेतच नसत. ते म्हणायचे, वाजवणाऱ्याने स्पीकरजवळचा आवाज ऐकायचाच नाही. "तिथे सगळं गोडच लागतं, सर. नाचणारा पण काय ऐकतो? त्याला ढोल पुरतो. खरं ऐकतं ते घरात राहिलेलं माणूस. ज्याला लग्नात येता नी आलं, भाकऱ्या टाकतंय, नाहीतर म्हाताऱ्याला सांभाळतंय. त्याच्यापर्यंत काय पोचतं ते बघायचं." आणि ते खरोखरच तसं बघत. मला वाजवायला लावून रंगावली नदीच्या कोरड्या पात्रातून पाठ फिरवून चालत जायचे, दिसेनासे होईपर्यंत, आणि परत येऊन सांगायचे की कुठल्या झाडापाशी माझी तिसरी तार हरवली. मला तेव्हा हे सगळं जरा नाटकी वाटायचं. आवाज आणि अंतर यांचा नियम मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो, मला कोण काय सांगणार... अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातला मी.

पिकअप म्हणजे काय हे इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाचे तुकडे बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वर तार कंपली की त्या वेटोळ्यात वीज उठते आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन येते. याकूबभाऊंच्या गिटारला असे दोन पिकअप होते. एक हाताशी, तार जिथे अडकवतात त्या बाजूला. त्याचा आवाज धारदार, नाचाला तोच लागतो. दुसरा वर, गिटारच्या मानेजवळ. त्याचा आवाज गोल, भरलेला, माणसाच्या गळ्यासारखा. याकूबभाऊ कुठलंही लग्न सुरू करताना आधी पिकअप निवडायचा खटका मानेकडे ढकलायचे आणि एक संथ चाल वाजवायचे. त्यांनीच बसवलेली, तिला नाव नव्हतं. दोन-तीन मिनिटांची. ती संपली की खटका खाली आणि मग धूळ उडेपर्यंत नाच. त्या चालीवर कोणी नाचत नसे. लोक उभे राहून ती संपायची वाट बघायचे. मीही बघायचो, खरं सांगायचं तर.

दोन वर्षांपूर्वी त्यांची फुफ्फुसं थकली. कारण डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं, त्यात जळक्या वार्निशचा धूर होता, विडी होती, वय होतं. दुकान बंद झालं. टेकाडावरच्या घरात खाट आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते मशीन दिवसभर घरघरत असायचं. बँडने लीडचं काम कीबोर्डवर भागवलं. पण मी रविवारी जात राहिलो. ते पडल्या पडल्या माझ्या बोटांकडे बघायचे आणि चुका सांगायचे. "करंगळी आळशी पडली, सर." "दुसरी तार अर्धी दाबली." एकदाही चुकले नाहीत. कधी कधी म्हणायचे, गिटारचं डोकं इकडे करा, आणि तिचं वरचं टोक दातांना टेकवून डोळे मिटायचे. मला वाटायचं, केवढं हे प्रेम. मी बोललेलं मार्थावहिनी त्यांना त्यांच्या बोलीत पुन्हा सांगायच्या, तोंड त्यांच्यासमोर नेऊन, सावकाश. मी मनात म्हणायचो, बघा, आजारात माणूस आपल्या आईच्या बोलीकडे परततो, शाळेची मराठी आता त्यांना जड जाते. हे मी घरी बायकोलाही सांगितलं, मोठ्या जाणकाराच्या थाटात.

नाताळात मी त्यांच्या गिटारवर ती संथ चाल वाजवत होतो आणि मध्येच आवाज गेला. मानेजवळचा पिकअप मेला होता. मी म्हटलं, वहिनींनी त्यांना सांगितलं, त्यांनी मीटर मागवला, टोकं लावायला लावली, काटा हलला नाही. आत कुठेतरी तार तुटली होती. याआधी दोनदा तो पिकअप त्यांनी स्वतः बांधला होता. शिलाई मशीनच्या चाकावर रीळ बसवून, बोटांच्या चिमटीतून तार सोडत, वेटोळी मोजत. आता त्यांनी हात वर करून बघितला. हात कापत होता. "ही तार आता मला दिसत पण नाही," ते म्हणाले. मी मोठ्या हिमतीने म्हटलं, मी बांधतो. तीन दिवस बसलो. श्वास जोरात सोडला तरी तुटणारी ती तार माझ्याकडून किती वेळा तुटली याची गणतीच नाही. शेवटी हात टेकले. बारा वर्षं मुलांना वेटोळ्याची सूत्रं शिकवणारा मी, मला एक वेटोळं धड घालता येत नव्हतं.

आणि एस्तेरचं लग्न ठरलेलं होतं. सकाळी चर्चमध्ये विधी, दुपारी खाली मोहाच्या झाडाजवळच्या भाताच्या रिकाम्या खाचरात जेवण आणि नाच. घर टेकाडावर, तिथे टेम्पो चढत नाही, आणि याकूबभाऊंना खाली नेता येत नव्हतं. घरापासून खाचर तीनशे पावलं. याकूबभाऊंचं एकच मागणं होतं. सुरुवातीची चाल सरांनी वाजवायची, याच गिटारवर, मानेजवळच्या पिकअपवर, आणि ती घरात ऐकू आली पाहिजे. मी म्हटलं, एवढे मोठे स्पीकर असतात, दुसऱ्या पाड्यात ऐकू जाईल. ते म्हणाले, "आवाज जाईल, सर. चाल नी पोचणार. नवीन पिकअप निवडून घ्या. पण इथे बसून नाही, खालून."

मग मी कामाला लागलो, म्हणजे मोबाइल घेऊन बसलो. जगात पिकअपवर इतकं लिहून ठेवलेलं आहे की एक माणूस जन्मभर वाचू शकेल. कोणी आवाजाला उबदार म्हणतो, कोणी काचेसारखा, कोणी लोण्यासारखा. चुंबक कुठला, तार किती बारीक, वेटोळी किती. मी वहीच्या वही भरली. बायको म्हणाली, "एवढी चौकशी तर तुम्ही माझ्या माहेरची पण केली नव्हती." शेवटी तीन उमेदवार ठरले. एक मी पंधरा दिवस अभ्यास करून ऑनलाइन मागवलेला. एक सुरतेच्या दुकानातून आणलेला, दणकट. आणि तिसरा तळोद्याच्या एका बंद पडलेल्या बँडच्या मोडक्या गिटारमधून काढलेला, गंजकं झाकण असलेला, जो मी केवळ याकूबभाऊंनी सांगितलं म्हणून आणला. माझा जीव अर्थातच पहिल्यावर होता.

आता तीनशे पावलांवरून कौल द्यायचा कसा? फोन करू म्हटलं तर ते हसले. त्यांनी एस्तेरला दुकानातली सबमर्सिबल पंपाच्या जुन्या केबलची भेंडोळी काढायला लावली. तुकड्याला तुकडा जोडून मी ती खाटेपासून टेकाड उतरून मोहाच्या झाडापर्यंत नेली. झाडाच्या खालच्या फांदीला झिरोचा लाल बल्ब लटकवला आणि खाटेशी, त्यांच्या उशाला, दारावरच्या बेलचं बटण. बटण दाबून धरलं तेवढा वेळ बल्ब लागणार, सोडलं की विझणार. एकदा लुकलुकला तर हा नको. दोनदा लुकलुकला तर काहीतरी चुकतंय, पुन्हा वाजवा. आणि लागून राहिला तर हाच. मार्थावहिनी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, वहिनी, आज तुमच्या घरात न्यायालय भरलंय. त्या नुसत्या हसल्या.

झाडाखाली स्पीकर मांडला, पहिला बसवला, चाल वाजवली. स्पीकरजवळ काय सुरेख वाजत होता म्हणून सांगू, मला स्वतःचंच कौतुक वाटलं. वर बघितलं. बल्ब एकदा लुकलुकला. मी चिडलो. पुन्हा वाजवला, अगदी जीव ओतून. पुन्हा एकदाच. सुरतेचा बसवला, तोही गेला. मग नाइलाजाने तो गंजक्या झाकणाचा लावला. स्पीकरजवळ तो मला मंद, जरा दबका वाटला. दोन ओळी वाजवल्या असतील नसतील, बल्ब लागला आणि लागूनच राहिला. भर दुपारी मोहाच्या सावलीत तो लाल ठिपका बघून माझ्या अंगावर काटा आला. तीनशे पावलं, मातीची भिंत, शेजारी घरघरणारं मशीन, आणि त्यातून हा माणूस पिकअप ओळखतो... मी कुतूहल म्हणून खटका मध्ये आणला. तिथे दोन्ही पिकअप एकदम चालतात. आणि बल्ब तडक दोनदा लुकलुकला. मला काही कळेना. मी टेकाड चढून धापा टाकत वर गेलो. याकूबभाऊ बल्बचं बटण हातात धरून पडले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "दोन वायरी उलट्या लागल्या. सर, विहिरीवरची मोटर उलटी फिरली की तुम्ही काय करता?"

वायरींची अदलाबदल करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या जुन्या पिकअपची वेटोळी उलट दिशेची होती. एकटा वाजला तर काही फरक नाही, पण दुसऱ्याबरोबर जोडला की दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढणार आणि आवाज पोकळ होणार. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण मला, बोटं तारांवर असताना, ते समजलं नाही, आणि त्यांना खाटेवरून समजलं. दोन वायरी बदलल्या. आवाज भरून आला. त्या दिवशी घरी परतताना, माणसाच्या कानात एवढं काही असू शकतं याची मला थोडी भीतीच वाटत होती.

लग्न झालं. खाचरात दीड-दोनशे माणूस, टेम्पो सजवलेला, एस्तेर पांढऱ्या साडीत. मी गिटार घेऊन उभा. एकच गोष्ट मला खटकत होती. मार्थावहिनी कुठेच दिसत नव्हत्या. चर्चमधला विधी झाला तशा त्या थेट घरी निघून गेल्या होत्या. बायका बोलवायला गेल्या, मी बसते भाऊंजवळ, तुम्ही जा असं चार जणींनी सांगितलं. पण त्या उठल्या नाहीत. मला रागच आला. एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि आई खाली उतरत नाही म्हणजे काय. तेवढ्यात ड्रमवाल्याने खूण केली. मी खटका मानेकडे ढकलला आणि चाल सुरू केली. नेहमीसारखे लोक उभे राहिले. मी मोहाच्या फांदीकडे बघत होतो. दुसऱ्या ओळीला बल्ब लागला. लागून राहिला. चाल संपेपर्यंत, शेवटची तार विरेपर्यंत तो एकदाही हलला नाही. मग मी खटका खाली केला, पाडा नाचायला लागला, आणि बल्ब विझला.

संध्याकाळच्या आत मी वर गेलो. याकूबभाऊंनी माझा डावा हात हातात घेतला, बोटांच्या टोकांवर तारांचे वळ पडले होते त्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "पोचलं, सर. बराबर पोचलं." त्यांचे डोळे भरले होते. मी सगळ्यांना सांगत सुटलो, भाऊंनी ऐकलं, पूर्ण चाल ऐकली, बल्ब धरून ठेवला होता. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी एस्तेरचा तो फोन आला.

मातीच्या वेळी काही बोलणं झालं नाही. परवा त्यांच्या घरी प्रार्थना होती, तेव्हा गेलो. लोक पांगल्यावर एस्तेर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "सर, तुम्ही फोनवर विचारलं होतं ना, पप्पांनी काही ऐकलं का... पप्पांना ऐकूच येत नव्हतं." मी म्हटलं, शेवटी शेवटी का? ती म्हणाली, नाही सर. दोन वर्षं झाली कमी होत होतं, आणि गेल्या दिवाळीपासून काहीच नाही. स्पीकरशेजारी उभं राहून म्हणा, औषधांनी म्हणा. मला आधी समजेचना ती काय बोलते. मग एकेक गोष्ट आठवू लागली. वहिनी माझ्या मराठीचं भाषांतर करत नव्हत्या. त्या माझे शब्द त्यांना ओठांवरून वाचायला देत होत्या. दोन वर्षं त्यांनी मला बोटं बघून शिकवलं होतं, आणि नऊ वर्षांत मी जे काही बरं शिकलो ते बहुतेक त्या दोन वर्षांत शिकलो. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. एस्तेर म्हणाली, "पप्पा म्हणायचे, सरांना सांगू नका. लीडवाला बहिरा झाला म्हटलं तर ते यायचं सोडतील, आणि त्यांची करंगळी अजून कच्ची आहे."

"मग बल्ब?" मी विचारलं. तिने मागच्या दाराकडे बघितलं. मार्थावहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. तीनही पिकअपचा कौल वहिनींनी दिला होता. उंबऱ्यावर तांदूळ निवडत त्या ऐकत होत्या आणि खाटेवरून याकूबभाऊ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वहिनींनी मान हलवली की ते बटण दाबत. तिसऱ्याला वहिनींचे हात सुपात थांबले, आणि याकूबभाऊंनी बटण दाबून धरलं. आणि त्या उलट्या वायरी? एस्तेर म्हणाली, "आई एवढंच म्हणाली की आवाज आता पोटातून येत नाही, नाकातून येतो. पप्पा लगेच म्हणाले, उलटी फिरतेय." म्हणजे न ऐकता, बायकोच्या एका वाक्यावरून, तीनशे पावलांवरच्या वेटोळ्याची दिशा त्यांनी सांगितली होती. मी त्यांच्या कानांना घाबरलो होतो. खरं तर मी कशाकशाला घाबरायला हवं होतं हे मला आत्ता कुठे कळत होतं.

पण मग त्यांना ती चाल घरात ऐकू यायला हवी होती कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. एस्तेरच सांगू लागली. मोबाइल नव्हते तेव्हा पप्पा लग्नांना जायचे, जवळच्या पाड्यांत, नदीपलीकडे. टेम्पो जुना, रस्ते घाटाचे. आई घरी एकटी. ती चाल पप्पांनी आईसाठी बसवली होती. ती ऐकू आली की आई समजायची, पोचले. मग ती स्वतःसाठी ताट वाढून घ्यायची. आणि आता एस्तेरच्या लग्नात वहिनी त्यांची खाट सोडून खाली उतरणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. तीस वर्षं नवऱ्याचं वाजवणं ती बाई भिंतीआडूनच ऐकत आली होती, मुलीचं लग्नही भिंतीआडूनच ऐकणार होती. म्हणून सगळा खटाटोप. लग्नाच्या दिवशी बटण वहिनींच्याच हातात होतं. त्यांनी ते इतकं दाबून धरलं की अंगठ्यावर बटणाची गोल खूण उमटली. ती खूण बघून याकूबभाऊ मला म्हणाले होते, पोचलं.

मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. मी उठून गिटार काढली. तिचा खटका मानेकडेच होता, लग्नानंतर तो कोणी हलवलेला नव्हता. बॅटरीवर चालणारा स्पीकर उचलला आणि टेकाड उतरून खाली गेलो. केबल तशीच पडली होती, मोहाच्या फांदीला बल्बही तसाच, वर थोडी धूळ. मोहाची फुलं खाली सांडली होती. मी चाल सुरू केली. दुसऱ्या ओळीच्या वळणावर मी घाई केली, करंगळी नेहमीसारखी अर्धीच पडली. बल्ब दोनदा लुकलुकला. मी थांबलो. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि पहिल्यापासून घेतली. या वेळी करंगळी नीट टेकवली. बल्ब लागला.

चाल संपली. मी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला आणि वर बघितलं. बल्ब विझला नव्हता. मी थोडा वेळ वाट बघितली, तरी तो लागलेलाच होता; वर वहिनींनी बटण सोडलं नव्हतं. मग मी पुन्हा सुरुवात केली.